पायरीची करंडी

"ज्याला गाडीत बसायचंय, तो पायरीनंच वर येईल!" टेंभगडचे महाराज गरजले.

शेजारच्या संस्थानापेक्षा आपलं स्टेशन उंच हवं, एवढ्या एका हट्टापायी त्यांनी ते टेकाडावर बांधलं होतं आणि पुढं संगमरवरी पायऱ्यांची रांग लावली होती. स्वतः महाराज मात्र मेण्यात बसून वर जात!

समोर होती भिवरा, बुरुडाची लेक. पाय जन्मापासून अधू, त्यामुळे चाकांच्या फळीवर बसून हातांनी जमीन रेटत फिरायची. गाडीनं बहिणीकडे जाऊन तिचं तान्हं बाळ मांडीवर घ्यायचं, यासाठी तिचा जीव तुटत होता.

"सरकार, मागं मालाचा उतार हाय. तिथनं सोडा की!"

"उतार मालाला!" स्टेशनमास्तर फिस्कारले. "माणसांनी पायरीनंच यायचं!"

"ऐकलंस?" महाराज म्हणाले. "उद्या कुणाच्या खांद्यावर न बसता पायरीनं वर ये. मागशील ते देईन!"

दरबारी खिदळले. भिवराच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती तडक घरी गेली आणि विणायला बसली.

दुसऱ्या दिवशी उताराशी चाकांवरची एक भलीमोठी करंडी आली. वर आंबे रचलेले आणि चिठ्ठी, 'महाराजांसाठी पायरी. हिसके देऊ नयेत.' काय ती धावपळ! शिपायानं छत्री धरली, मास्तरांनी घाम गाळत करंडी स्वतः वर, फलाटावर महाराजांपुढं ढकलत नेली.

महाराजांनी अधाशासारखा आंब्यांत हात घातला. हाताला वेणी लागली!

"पायरीनं आले, सरकार!" भिवरा आतून बोलली. "वास घ्या. हापूस न्हाई, पायरीच हाय!"

"लबाडी!" मास्तर किंचाळले. "उतार मालाचा आहे!"

"मग मी माल का माणूस, ते ठरवा! माणूस असंन, तर उतारावरनं माणूस तुम्हीच आणलंत, अन् स्टेशन काय कोसळलं न्हाई. माल असंन, तर चिठ्ठीवर नाव सरकारांचं हाय. न्या वाड्यावर, पोसा जन्मभर! ही जीभबी संगंच येईल!"

महाराज पागोटं सावरत खदखदा हसले. "माणूसच ग बाई, माणूसच! आजपासून उतार सगळ्यांना खुला! आणि तुला गाडीचा पास, जन्मभराचा! आणखी काही?"

तेवढ्यात गाडी आली. भिवरानं मान वर करून डब्याच्या दाराकडे पाहिलं.

"सरकार, ह्यो डबा कुणासाठी बांधलाय? उंटासाठी?"

महाराज पुन्हा हसत सुटले. त्यांनी एक लांब फळी मागवली आणि ती धरायला मास्तरांना वाकवलं. भिवरा ऐटीत डब्यात शिरली, बाळाला भेटायला!