शिंपिणीचं हिरवं पान

उंबराच्या झाडावर शिंपीण राहायची. इवलंसं पाखरू. पानाला पान शिवायची, आत घरटं करायची. घरट्यात दोन अंडी होती.

एक दिवस कावळा आला. गट्टम्! एक अंडं गेलं. एकच उरलं. शिंपीण खूप रडली.

घुबडआजी म्हणाली, "झाडाला राखणदार हवा. कोतवाल म्हणतो मी होतो, कावळाही म्हणतो मी होतो. उद्या मत द्या. कोतवाल हवा, तर ढोलीत हिरवं पान टाका. कावळा हवा, तर खडा टाका. दिवस बुडाला, की ढोली बंद."

कोतवाल पक्षी फार शूर. कावळा दिसला, की त्याला हुसकून लावायचा. कावळे सोडले, तर सगळ्यांना कोतवालच हवा होता.

पण सकाळी पाऊस आला. रिपरिप रिपरिप. शिंपिणीने ढोलीत पान टाकलं. बाकी कुणी येईना. कावळ्यांना पावसाचं काय? ते आले. टप टप टप, खडेच खडे.

शिंपीण निघाली. फडफड फडफड, भिजत भिजत.

"साळुंकीताई, चल ना. कोतवाल जिंकेना, माझं अंडं राहीना."

साळुंकी म्हणाली, "बाई गं, केवढा पाऊस! पोपट आला, तर मी येते."

फडफड फडफड, भिजत भिजत.

"पोपटदादा, चल ना. साळुंकी येईना, कोतवाल जिंकेना, माझं अंडं राहीना."

पोपट म्हणाला, "पारवा आला, तर मी येतो."

फडफड फडफड, भिजत भिजत.

"पारवेकाका, चला ना. पोपट येईना, साळुंकी येईना, कोतवाल जिंकेना, माझं अंडं राहीना."

पारवा म्हणाला, "पाऊस थांबला, तर मी येतो."

फडफड फडफड, भिजत भिजत.

"पाऊसबाबा, थांबा ना. पारवा येईना, पोपट येईना, साळुंकी येईना, कोतवाल जिंकेना, माझं अंडं राहीना."

पाऊस म्हणाला, "वाऱ्याने ढग नेला, तर मी थांबतो."

फडफड फडफड, भिजत भिजत.

"वारेमामा, ढग न्या ना. पाऊस थांबेना, पारवा येईना, पोपट येईना, साळुंकी येईना, कोतवाल जिंकेना, माझं अंडं राहीना."

वाऱ्याला वाईट वाटलं. "अगं, मला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. सूं सूं सूं!

वाऱ्याने ढग नेला. पाऊस थांबला. पारवा निघाला. पोपट निघाला. साळुंकी निघाली. चोचीत हिरवं पान घेऊन सगळे ढोलीपाशी आले.

पण दिवस बुडाला होता. घुबडआजीने ढोली चिखलाने लिंपली होती.

"उशीर झाला, बाळांनो," ती म्हणाली. "आत खडेच खडे. पान एकच, शिंपिणीचं."

कावळा ऐटीत म्हणाला, "काव काव! आता मी राखणदार. खुशाल झोपा."

साळुंकीने पोपटाकडे पाहिलं. पोपटाने पारव्याकडे पाहिलं. पारव्याने मान खाली घातली.

शिंपीण घरट्यात गेली. अंड्यावर बसली. तिला फार फार वाईट वाटत होतं.

मग कोतवाल आला, घरट्याशेजारी बसला. पारवा आला. पोपट आला. साळुंकी आली. सगळे घरट्याभोवती बसले. कावळा लांबूनच बघत राहिला.

पाऊस पुन्हा आला. रिपरिप रिपरिप. सगळे भिजले. पण कुणी घरी गेलं नाही.

शिंपीण रडत होती. तिच्या पोटाखाली अंडं उबदार होतं.