सावरीखालचं गाऱ्हाणं

गोष्ट आहे समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या एका गावाची. गाव इतकं लहान, की एकाच्या घरी फोडणी पडली की दुसऱ्याच्या घरी शिंक यायची. त्या गावाच्या टोकाला, काजूच्या बागेपलीकडच्या झोपडीत आबोली नावाची मुलगी आईबरोबर राहायची. बाबा ती रांगत असतानाच देवाघरी गेले होते. आई गोधड्या शिवायची. त्यावर दोघींची सकाळची पेज आणि रात्रीचा भात भागायचा. कधी नुसती पेजच भागायची, पण त्याची कुरकूर कोणी करत नसे.

त्या घरात दोन गोष्टींची श्रीमंती होती. एक म्हणजे पाखरं. रोज उजाडताना मायलेकी पाखरं बघायला रानात जायच्या. बोट दाखवायचं नाही, पळायचं नाही, आणि "आधी कान, मग डोळे," हा आईचा नियम. दुसरी श्रीमंती कादंबऱ्यांची. गावच्या वाचनालयातून आई जाडजूड कादंबरी आणायची आणि संध्याकाळी दिव्याच्या उजेडात मोठ्यानं वाचायची. आबोली तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायची.

आणि मग माघात आईला ताप आला. ताप उतरला, पण जाताना डोळ्यांवर धुकं ठेवून गेला. आईला उजेड तेवढा कळायचा, बाकी काही नाही. सुई हातातून सुटली, गोधड्या थांबल्या. आता काय खायचं, कसं जगायचं, ही काळजी आबोलीला लागली. सकाळी एकटीच रानात जायची आणि परत आली की कुठलं पाखरू कुठं बसलं होतं ते आईला सांगायची. संध्याकाळी जोडाक्षरांना अडखळत कादंबरी वाचायची. गलबतात बसून बापाला शोधायला निघालेल्या एका मुलीची ती कादंबरी होती. गलबत नेमकं वादळात सापडलं होतं.

रोज आईचा एक प्रश्न मात्र ठरलेला. "तांबटाची पिल्लं दिसली का गं?"

तांबट म्हणजे हिरवा, गुबगुबीत, कपाळावर लाल टिळा लावलेला पक्षी. दिवसभर टुक टुक टुक करतो, जणू कोणी तांब्याचं भांडं ठोकतंय. गावाबाहेर, झोपडीच्या वाटेवर, एक भलीमोठी काटेसावर होती. वसंत आला की तिच्या अंगावर पान उरायचं नाही, नुसती लाल-गुलाबी टपोरी फुलं. त्या सावरीच्या एका फांदीला तांबटाच्या जोडीनं चोचीनं भोक पाडलेलं आईनं आणि आबोलीनं मिळून पाहिलं होतं, ताप यायच्या आधी. आईनं शेवटची मन लावून पाहिलेली गोष्ट ती.

एक दिवस दिव्यातलं तेल संपलं. आबोली गावातल्या रखमाकाकूंकडून वाटीभर खोबरेल घेऊन सावरीखालून घरी निघाली होती. फुलांवर मध पिणारे इवलेसे शिंजीर पक्षी भिरभिरत होते, मैना भांडत होत्या. एवढ्या गोंगाटात तिला एक बारीकसं मुसमुसणं ऐकू आलं. आधी कान, मग डोळे. ती थांबली, ऐकलं, आणि मग वर पाहिलं.

खालच्याच फांदीवर कोणीतरी पाखरं धरायला फणसाचा चीक माखून ठेवला होता, आणि त्या चिकात एक इवलीशी परी अडकली होती. बोटाएवढी. सावरीच्या पाकळीचा झगा, शिंजिरासारखे जांभळे-हिरवे झळझळते पंख, आणि ते पंख चिकानं लडबडलेले. सुटायला धडपडावं तर आणखीच चिकटत होते.

आता फणसाच्या चिकाला काय लागतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खोबरेल. आबोलीनं हातातल्या वाटीकडे पाहिलं. ते तेल म्हणजे आजचा दिवा, आजची कादंबरी, वादळातलं गलबत. तिनं एक मोठा श्वास घेतला आणि बोट तेलात बुडवलं. एकेक पंख हळूहळू चोळून सोडवला. वाटी रिकामी झाली तेव्हा परी तिच्या तळहातावर बसली होती, थरथरत.

"मी सावरपरी," ती म्हणाली. तिचा आवाज घुंगरासारखा बारीक होता. "तू मला सोडवलंस. मी तुला एक मागणं देते. पण नीट ऐक हं, चिमणे. माझ्या पंखांत बळ यायला होळीची पौर्णिमा उजाडेल. त्या दिवशी याच सावरीखाली ये, सूर्य समुद्राकडच्या टेकडीआड जायच्या आत. सावरीचं फूल हातात धर आणि मागणं मोठ्यानं माग. मागणं एकच. मी ते पुरं केलं, की फूल तुझ्या हातातच सुकेल. आणि तोवर माझ्याबद्दल कोणाला सांगायचं नाही."

आबोलीला विचार करायची गरजच नव्हती. काय मागायचं ते तिला माहीत होतं.

त्या रात्री झोपडीत दिवा लागला नाही. तेल सांडलं का, असं आईनं विचारलं. आबोली म्हणाली, सांडलं नाही, कामी आलं. आईनं तिच्या तेलकट बोटांवरून हात फिरवला.

होळीचा दिवस आला. आता तिथली रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. होळीसाठी गाव एक उंच, सरळ झाड निवडतं. झाडाला हळदकुंकू लावायचं, नारळ ठेवायचा आणि तोडण्याआधी गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवापुढे मोठ्यानं मांडलेलं मागणं. गावचे मानकरी दाजीकाका ते म्हणणार आणि प्रत्येक वाक्याला सारा गाव एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणणार. एकदा "व्हय" म्हटलं की तो देवापुढे दिलेला शब्द. आणि गावाला सवय अशी, की मागे एकदा गाऱ्हाण्याच्या मध्येच दाजीकाकांनी, माझी तपकिरीची डबी कुठं गेली, असं विचारलं, तर त्यालाही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले होते.

ऊन उतरायला लागलं तशी आबोली सावरीकडे निघाली. वाटेतच ढोल ऐकू आला. ढोल सावरीच्याच बाजूनं वाजत होता.

ती धावत सुटली. पोहोचली तर सावरीभोवती सारा गाव जमलेला. खोडाला हळदकुंकू लागलं होतं, नारळ मांडला होता, दोन गडी कुऱ्हाडींना धार लावत होते. या वर्षी गावानं सावर निवडली होती. वर फांदीतल्या भोकातून पिल्लांचा चिरका आवाज येत होता. तांबट चोचीत फळ धरून झाडाभोवती घिरट्या घालत होता, पण एवढ्या माणसांत त्याला उतरता येत नव्हतं.

आबोलीनं दाजीकाकांचं धोतर ओढलं आणि वर पिल्लं आहेत म्हणून सांगितलं. दाजीकाका वाईट नव्हते हो, पण मानकऱ्याच्या घाईत होते. दर साली कुठल्या ना कुठल्या झाडावर घरटं असतंच बायो, असं म्हणून त्यांनी तिला बाजूला केलं. तिनं आणखी दोघातिघांना विनवलं. ढोलाच्या आवाजात कोणी ऐकलं नाही, कोणी ऐकून हसलं.

सूर्य टेकडीला टेकला होता. तिच्या पायाशी टपकन एक फूल पडलं, लालबुंद, ताजं. तिनं ते उचललं. कानाशी परीचा आवाज आला.

"माग, चिमणे. झाड पडलं की मला काही देता येणार नाही."

आबोलीनं तोंड उघडलं. आईचं नाव जिभेवर आलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, माझ्या आईला दिसू दे. मग आई सुई ओवेल, कादंबरी वाचेल, आणि उद्या उजाडताच रानात येईल. आल्यावर पहिलं काय बघेल ती? ते भोक. तांबटाची पिल्लं. आणि इथं नुसतं खोडाचं थोटूक असेल. तेव्हा आईला काय दाखवायचं?

तिला रडू फुटलं. इकडे ढोल थांबले. दाजीकाकांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज होळीचा सण, तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी असत!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"त्यांच्या गुराढोरांक, पोराबाळांक सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दाजीकाका श्वास घ्यायला थांबले. कुऱ्हाडवाल्यानं हातांवर थुंकी टाकली. आणि त्या एवढ्याशा शांततेत आबोलीनं फूल घट्ट धरलं, डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ती ओरडली.

"आणि ह्या सावरीच्या पोटातली पिल्लं उडून जायपर्यंत तिला कोणी हात लावू नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सारा गाव म्हणाला.

मग गाव एकमेकांची तोंडं बघू लागला. कुऱ्हाडवाल्याची कुऱ्हाड हवेत तशीच राहिली. दाजीकाकांनी आबोलीकडे पाहिलं, वरच्या भोकाकडे पाहिलं आणि बराच वेळ मिशी चोळली.

"व्हय म्हटलंव," ते शेवटी म्हणाले. "देवासमोर म्हटलंव. आता मागं फिरणं नाही. वहाळाकडचा वाळलेला आंबा आहे ना, तो आणू या."

कोणी कुरकुरलं, कोणी हसलं, ढोल पुन्हा वाजू लागला आणि माणसं त्या ओढ्याकडे गेली. तांबट खाली उतरला आणि भोकात शिरला.

सावरीखाली आबोली एकटीच उरली. हुंदके देत होती. पिल्लं वाचली याचा आनंद होताच, पण एकच मागणं होतं आणि ते गेलं. झाडाखाली मागितलं, फूल धरून मागितलं, मोठ्यानं मागितलं. आता आईच्या डोळ्यांचं काय? सूर्याची नुसती लाल कड उरली होती.

"चिमणे," परी तिच्या नाकासमोर येऊन म्हणाली, "हातातलं फूल बघ."

फूल ताजं होतं. टवटवीत, लालबुंद.

"तुझं मागणं माणसांनीच पुरं केलं. मी कुठं काय दिलं? माझं देणं अजून तसंच आहे. माग लवकर."

लाल कड आता केसाएवढी होती. आबोलीला नीट वाक्यसुद्धा जुळवता आलं नाही. "आईचे डोळे!" एवढंच ती ओरडली.

तिच्या मुठीत फूल सुकलं. सगळी सावर आतून उजळली, फुलन् फूल गुलाबी, सोनेरी झगमगलं. परी त्या उजेडात हसली, उजेडच झाली, आणि दिसेनाशी झाली. मागे नुसता संधिप्रकाश राहिला आणि पिल्लांची किलबिल.

आबोली घराकडे पळाली. वाटेत तिला ठेच लागली, काटा लागला, तिला पत्ता नव्हता. दारात आई भिंतीला धरून उभी होती. मनातलं विचारायचा आबोलीला धीर होईना. ती नुसती समोर जाऊन उभी राहिली, धापा टाकत.

आई म्हणाली, "रडलीस का गं एवढी? आणि ते सुकलेलं फूल कशाला उचलून आणलंस?"

आबोलीनं आईच्या कमरेला मिठी मारली. आता तिला सगळं सांगायची मुभा होती, तर हसू नि रडू यांतून शब्दच बाहेर येईना. होळी पेटल्यावर रखमाकाकूंनी पुरणपोळी आणि वाटीभर तेल आणून दिलं. दिवा लागला. आईनं कादंबरी उघडली आणि गलबत वादळातून बाहेर काढलं. मुलीला बाप भेटला तेव्हा आबोली मात्र मांडीवर गाढ झोपली होती. ते पान आईला सकाळी परत वाचावं लागलं, पण सकाळी म्हणजे जरा उशिरा. त्याआधी दोघींना सावरीखाली जायचं होतं, आणि तिथं भोकातून एक टकलं, ओबडधोबड डोकं बाहेर येऊन आईकडेच बघत होतं.

तांबट अजून तिथं टुकटुकतो आहे. त्याचं काही संपलेलं नाही, माझी गोष्ट मात्र इथं संपली.