दहाव्यानंतरचा श्वास

"पण चाचा, मेलेल्याची वाट आणखी किती दिवस बघायची?"

शलाकानं विचारलं आणि वेळापत्रक कासमचाचांसमोर आपटलं... नाही, आपटलं नाही. मुलगी सभ्य घरातली. पण ठेवलं ते आपटल्यासारखंच.

माळावरच्या त्या केंद्रात डिश एक आणि डोक्यावरून जाणारे उपग्रह अकरा. ज्याची वेळ, त्याच्याकडे डिशनं तोंड करायचं आणि त्याचं ऐकायचं. शलाकानं आल्या आल्या, तीन दिवसांपूर्वी, लावलेल्या नव्या वेळापत्रकात सुई शिरायला जागा नव्हती. एक मावळला, की त्याच मिनिटाला दुसरा उगवलाच. जुन्या लोकांनी सोडलेल्या रिकाम्या जागा तिनं केरासारख्या झाडून काढल्या होत्या.

फक्त अकरावा तीन दिवस गप्प होता. कॉलेजात असताना तिनं मैत्रिणींबरोबर हातानं जुळवलेला. बॅटरी थकलेली, उगवताना मिनिटभर बोलायचा, की संपलं. आज दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी ऐकू आला नाही, तर यादीतून त्याचं नाव कटणार होतं.

चाचा तीस वर्षं डिशच्या दातेरी चाकांना ग्रीस लावत आले होते. लोक म्हणत, त्यांनी नुसता कान लावला तरी चाक आपलं दुखणं सांगतं. यातलं निम्मं सोडा. उरलेलं खरं आहे.

"वाचा," चाचा म्हणाले. "सगळे अकरा. मधे श्वास घ्यायचा नाही."

"हे काय आता..."

"वाचा तर, मॅडम."

तिनं वाचायला घेतलं. नावं, वेळा, पूर्व, पश्चिम... सातव्यापाशी तोंड लाल झालं. दहाव्याला कसंबसं मावळेपर्यंत पोचवलं, आणि थांबून मोठा श्वास घेतला.

चाचांनी ग्रीसचं बोट कागदावर नेमकं तिथं टेकवलं.

"हा श्वास कुणाच्या वेळेत मोजलात?"

शलाकानं पुन्हा कागद बघितला. दहावा मावळायचा पूर्वेला. अकरावा उगवायचा पश्चिमेला. आणि एवढं लोखंड इकडून तिकडे वळायचं म्हणजे...

दोन मिनिटं.

तिनं पेन काढलं आणि दहाव्याची शेवटची तीन मिनिटं खोडली.

चार अकराला डिश कण्हत वळून रिकाम्या क्षितिजासमोर उभी राहिली. तिथं काहीच नव्हतं...

चार बारा.

स्पीकरमधून टिक. टिक-टिक.

शलाकानं यादीत अकराव्यापुढे बरोबरची खूण केली.

"चाचा... तो मेला नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

चाचांनी बोट फडक्याला पुसलं.

"मला कुठं कळलं? तीन दिवस तो वरून हेच विचारत असेल... खाली कुणी जिवंत आहे का."