वापसा येण्याआधी

एकदा एका तालमीतला सर्वांत उमदा पठ्ठा साथीच्या तापाने आजारी पडला. ताप यथावकाश उतरला. दम मात्र परत आला नाही. जोर काढले की त्या दिवशी तो ठीक दिसे, दुसऱ्या दिवशी त्याला अंथरुणावरून उठवत नसे.

जत्रेची कुस्ती तोंडावर आली होती. जन्मात कधी लंगोट न कसलेली पोक्त मंडळी पारावरून सल्ले देत होती. उरलासुरला आजार लाल मातीत घामावाटे निघतो, ही त्यांची पिढीजात विद्या. ज्यांचा तसा निघाला नाही, त्यांची नावं ती घेत नसत. पठ्ठ्याने मुकाट्याने अंगाला माती लावली. समोरच्या मल्लाचं त्याला भय नव्हतं. नाही म्हटलं तर लोक ‘नाटकी’ म्हणतील, याचं होतं.

मैदानात नाव पुकारलं गेलं. सलामी होणार, तोच वृद्ध वस्ताद आखाड्यात उतरले. त्यांनी प्रतिस्पर्ध्याचा हात धरून उंच केला आणि ते म्हणाले, “हा जिंकला.”

हलगी थांबली. मग पोक्त मंडळींना कंठ फुटला. वस्ताद, ताप पोराला आला होता की तुम्हाला, असं एकाने विचारलंही.

पठ्ठ्याचे डोळे भरून आले. “माझी इभ्रत का घालवलीत, वस्ताद?”

“गेली ती माझी. आजवर या हाताने हार कबूल केली नव्हती,” वस्ताद शांतपणे म्हणाले. “पोरा, पाऊस उघडला म्हणजे रानात वापसा आला असं नसतं. वरून माती सुकलेली दिसते, आत चिखल असतो. तेव्हा नांगर घातला की ढेकळं होतात, साल वाया जातं. कुणाचं रान लवकर वापशावर येतं, कुणाचं फार उशिरा. पारावरून ते दिसत नाही. उद्या आपण डॉक्टरकडे जाऊ.”

ती मंडळी हसत राहिली. ती कधी शिकणार नव्हतीच. वस्तादांनी मात्र मागे वळूनही पाहिलं नाही.

तालमीकडचा चढ लागला. निम्म्यावर पठ्ठा थांबला आणि आजारानंतर पहिल्यांदा उघडपणे म्हणाला, “दम लागला. बसतो जरा.”

वस्ताद धोतर सावरून त्याच्या शेजारी धुळीतच बसले.

तापातून उठलेल्याला ‘बरा झालास की’ असं सांगू नये. कसा आहेस ते विचारावं, आणि तो सांगेल ते खरं मानावं.