एकाच आढ्याखाली

लहानांनो, थोरांनो, ऐका. आपल्या पणजोबांच्या पणजोबांनीही ज्यांच्याकडून ऐकली, त्यांच्या काळची ही गोष्ट.

एका बाजारपेठेच्या गावात एक घरमालक होता. त्याची घरांची एक लांब ओळ होती. शेवटच्या घरात तो स्वतः राही, बाकीची भाड्याने दिलेली. साऱ्या ओळीच्या छपराला एकच आढे होते. सांध्याला सांधा जोडून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलेले.

मधल्या एका खोलीच्या घरात एक कासारीण राहायची. बांगड्यांच्या माळा ती आढ्याला टांगून ठेवी. एके दिवशी वारा नसताना बांगड्या किणकिणल्या. तिने वर पाहिले. आढ्यातून लाकडाचा भुगा गळत होता.

ती मालकाकडे गेली. मालकाच्या अंगणात नवे सागवान रचून ठेवले होते. त्याला दुसरी ओळ बांधायची होती.

"धनी, आढं वाळवीनं खाल्लंय. वारा नसताना माझ्या बांगड्या वाजतात. यातलं एक लाकूड द्या."

"जुन्या घराला लाकूड लावून भाडं वाढतं का गं?"

"आढं एकच आहे, धनी. तुमच्या नातवाचा पाळणा त्यालाच टांगलाय."

मालक हसला. "किणकिण तुझ्या खोलीत होते. माझ्या घरात काही वाजत नाही. बांगड्या कमी टांग."

कासारीण गप्प बसली नाही. तिने पदरच्या पैशाने बाभळीचे खोड आणले, आढ्याखाली उभे केले आणि बुडाशी पाचर ठोकली. त्यानंतर बांगड्या वाजल्या नाहीत.

पुढे गावात एक अत्तरवाला आला. त्याला मधलीच खोली आवडली. भाडे दुप्पट द्यायला तो तयार होता. पण आत डोकावून म्हणाला, "हे झाड खोलीत उगवलंय की काय? ते निघालं, तर मी येतो."

मालकाने कासारणीला सांगितले, "बाजाराच्या दिवशी खोली रिकामी कर."

"मला काढा, धनी. टेकू काढू नका."

"घर माझं की तुझं?"

बाजाराचा दिवस आला. ओळीतले सगळे भाडेकरू बाजारात गेले होते. कासारीण दाराबाहेर गाठोडे बांधत होती. एक माळ तेवढी आत राहिली होती. अत्तरवाला उंबऱ्याशी थांबला. मालकाने घण उचलला.

पहिल्या घावाला पाचर हलली नाही. दुसऱ्या घावाला सरकली.

"धनी, थांबा!"

तिसऱ्या घावाला पाचर उडाली. टेकू आडवा झाला.

काहीच झाले नाही. मालक छाती काढून म्हणाला, "बघितलंस?"

तेवढ्यात आत राहिलेली माळ किणकिणली.

कासारणीने गाठोडे तिथेच टाकले आणि ती शेवटच्या घराकडे धावली. मालकाची लेक परसात पाणी शेंदत होती. पाळणा घरात होता.

आढे मधोमध खचले. अत्तरवाल्याने मालकाला ओढून बाहेर काढले. मग एकेक सांधा निखळत गेला. एका घराची कौले घसरली, मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. मालक ओळीच्या कडेने धावत सुटला. "पाळणा! अगं, पाळणा!" त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे स्वतःचे घर खाली बसले.

धुळीत काही दिसेना. लेकीने हंबरडा फोडला.

मग विहिरीच्या पलीकडून मूल रडल्याचा आवाज आला. कासारीण तिथे बसली होती. मूल तिच्या मांडीवर होते. तिच्या गाठोड्यावर कौलांचा ढीग पडला होता. एकही बांगडी शाबूत राहिली नव्हती.

मालक तिच्या पायाशी बसला. "बाई, खोली तुझी. जन्मभर भाडं देऊ नकोस."

"खोली कुठाय आता, धनी?" ती म्हणाली. मूल लेकीच्या हाती देऊन ती दुसऱ्या गावी निघून गेली. परत आली नाही.

नवे सागवान सगळे जुन्याच ओळीला लागले. दुसरी ओळ कधी उभी राहिली नाही. पण गावात एक रीत पडली. खोली भाड्याने देण्याआधी मालकाने आपल्या घरचे मूल तिथे पाळण्यात निजवून दाखवायचे. मगच भाडेकरू गाठोडे आत आणी.

म्हणून ध्यानात ठेवा: ज्या छपराखाली स्वतःचे मूल निजवायला जीव धजत नाही, त्या छपराचे भाडे घेऊ नये.