नळीवरचा हात

खर्र, खर्र, खर्र. धाकू मेस्त्रीला मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हा त्याने हा आवाज ऐकला. शेजारच्या ओटीवर कुणीतरी विटेच्या तुकड्याने बंदुकीची नळी घासत होतं. गंज गेला, पण गंजाबरोबर नळीची निळी झाकही गेली. पुढच्या पावसात ते उघडं लोखंड लालभडक झालं. धाकूला वाटलं, कुणीतरी जिवंत जनावर सोललं.

फार फार मागची ही गोष्ट. घाटाखाली आंबेखोल नावाचं गाव होतं. रान शेताला लागून होतं, म्हणून डुकरांपासून भात राखायला घरोघर बंदूक होती. पाऊस असा पडायचा की खुंटीवरची बंदूकसुद्धा घामेजायची. आश्विन लागला की गाव आपापल्या बंदुका घेऊन धाकूकडे यायचं.

धाकू आधी बंदूक उघडून आत काडतूस नाही ना, ते बघायचा. मग नळीवर पातळ तेल लावायचा आणि बसून राहायचा. कुणी घाई केली तर म्हणायचा, "तेलाक घाई नसता रे." तेल मुरलं की तांब्याची एक पातळ पट्टी हलक्या हाताने फिरवायचा. तांबं लोखंडाहून मऊ, ते गंज उचलतं आणि निळ्या झाकेला दुखवत नाही. मग मऊ फडक्याने पुसायचं आणि पुन्हा तेल लावायचं. असं म्हणतात, त्याच्या हाताखालून गंज आपणहून उठून जायचा, पाहुणा जेवून उठतो तसा.

पण हा पाहुणा दर वर्षी परत यायचा. धाकू गंज काढायचा आणि पाऊस तो पुन्हा आणायचा. त्यात धाकूचं आयुष्य गेलं. डोळे अधू झाले, बोटं वाकडी झाली. मग एका वर्षी त्याने पट्टी भिंतीच्या फटीत खोचली आणि सांगून टाकलं, आता पुरे.

त्याच वर्षी, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, येसू बंदूक घेऊन त्याच्या अंगणात आली. तिचा नवरा नारू श्रावणात गेला होता. भरपावसात शेत राखून आला, ओल्या हाताने बंदूक खुंटीला लावली आणि तापाने निजला, तो उठलाच नाही. बंदूक पुसायचं कुणाला सुचलं नाही.

"दाखवू नको गो बाय," धाकू म्हणाला. "गंज दमत नाय, मीच दमलंय."

"गंज नाय तो, आजोबानू. तेंचो हात आसा."

धाकूने बंदूक उन्हात धरली. निळ्या नळीवर तांबूस रंगात चार बोटं आणि अंगठा उमटला होता. घामाने आणि पावसाने नारूची शेवटची पकड लोखंडावर राहिली होती.

दुसऱ्या दिवशी गावच्या सगळ्या बंदुका देवळात देवापुढे मांडायच्या होत्या. येसूच्या घरात सण नव्हता, पण बंदूक देवळात जायलाच हवी होती. तिचा दीर बाबल ती घासायला निघाला होता. तो तिच्या मागोमागच आला, हातात भिजवलेल्या आमसुलांची वाटी घेऊन.

"गो वहिनी, पितळेच्या भांड्यांका आमसुला लावतस, मग बंदुकीनच काय पाप केल्यान? दी हय, आता चांदी करून देतंय!"

"चांदीच करशीत रे," धाकू म्हणाला. "आंबट लागला की निळा पाणी उतारला. मग चांदी घेऊन बस पावसात."

बाबलने वाटी खाली ठेवली. येसूने हळूच विचारलं, "हो हात असोच ठेवलो तर?"

"पुढच्या पावसात हात रवाचो नाय. खड्डो रवात."

"आणि पुसलो तर?"

"तर बंदूक रवात."

येसूने त्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "माका दोनय होये."

धाकू हसला. "माका होया तां सगळा खय गावला गो?" असं म्हणाला खरा, पण उठला आणि भिंतीतली पट्टी काढून घेऊन आला.

त्याने तेल लावलं. ऊन माडांवर चढलं, मग उतरायला लागलं, तरी तो हात लावीना. बाबलसुद्धा जांभया देत बसून राहिला. अखेर धाकूने बोटांच्या कडेकडेने पट्टी फिरवली, निजलेल्या पोराचं अंग पुसावं तशी. मग आपल्या जुन्या धोतराचा तुकडा नळीवर ठेवला आणि त्यावर आपला पंजा दाबून डोळे मिटले. कुणी म्हणतं, तो देवाचं नाव घेत होता. कुणी म्हणतं, थकून त्याला डुलकी लागली होती.

त्याने फडकं उचललं, तेव्हा नळी स्वच्छ निळी होती, पावसाने भरलेल्या आभाळासारखी. आणि फडक्यावर, असं म्हणतात, चार बोटं आणि अंगठा जसेच्या तसे उतरले होते.

येसूने त्यावर आपला तळवा ठेवून पाहिला. तिच्या हाताहून तो हात मोठा होता.

त्यानंतर धाकूने पट्टी कधी हातात घेतली नाही, आणि पुढचा पाऊस त्याने पाहिला नाही. त्या नळीवर इतर ठिकाणी दर वर्षी गंज धरतो, पण त्या पाच बोटांच्या जागी कधीच धरला नाही, असं म्हणतात.

आंबेखोलात आजही खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कुणी ओटीवर आमसूल आणत नाही. बंदूक उघडून बघतात आणि तेलाचा पहिला थेंब मेस्त्र्याच्या नावाने जमिनीवर सोडतात. दुसरा नळीवर पडला की सगळे गप्प बसतात, उतावळी माणसंसुद्धा. ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं असेल, त्या घरची बंदूक सगळ्यात शेवटी पुसतात. ते फडकं धूत नाहीत. घडी करून त्या घरच्या बाईच्या हातात देतात. ती फडकं पदराखाली घेते आणि घराकडे निघते.