रिकाम्या वस्तीची राहीआत्या

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्याच्या टोकाला, माळावर, चाळीस घरांची एक वस्ती होती. वस्तीतली सगळी माणसं चुन्याच्या भट्टीवर राबायची. दिवसभराच्या कामाचं संध्याकाळपुरतं धान्य मिळायचं आणि छातीत धूळ साठायची. बाप खोकत खोकत गेला की त्याच्या जागी मुलगा उभा राहायचा.

एकदा राही नावाची एक बाई दोर विकायला तिथं आली. ती एकटी होती. नवरा वारलेला, मूलबाळ नव्हतं. अंबाडीच्या वाखाचे, म्हणजे सालीच्या धाग्यांचे, दोर वळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं ती माणसं पाहिली आणि दोर विकून झाल्यावरही ती परत गेली नाही.

त्या राज्यात गोरगरिबांसाठी काम करणाऱ्यांना राजकोशातून मदत मिळायची. ती कुणाला द्यायची हे दानाध्यक्ष ठरवायचे. राहीनं राजधानी गाठली आणि दानाध्यक्षांना सांगितलं, "मला अंबाडीचं बियाणं द्या आणि चार घरांना वर्षभर पुरेल एवढं धान्य द्या. पोट भरलेलं असेल तरच माणूस भट्टी सोडून शेतात पीक येईपर्यंत थांबू शकतो."

तेव्हाचे दानाध्यक्ष जाणते होते. त्यांनी दिलं.

मग दरवर्षी चार घरं भट्टीवर जायची थांबली. राहीनं त्यांना अंबाडी पेरायला, भिजवायला, वाख सोलायला आणि दोर वळायला शिकवलं. वर्ष-दोन वर्षांत त्या घरांचे हात तयार व्हायचे. पण दोरांचा बाजार होता नदीकाठी, दोन दिवसांच्या वाटेवर. म्हणून शिकलेलं घर सामान बांधायचं आणि तिकडं निघायचं.

राही त्यांना ओढ्यापर्यंत पोचवायला जायची. "आत्या, दिवाळीला नक्की येतो," असं जाणारे म्हणायचे. पहिल्या दिवाळीला यायचेही. दुसऱ्या दिवाळीला निरोप यायचा. तिसरीला तोही नाही.

अशी दहा वर्षं गेली. वस्तीत तीनच घरं उरली. बाकी घरांच्या भिंती पडल्या, अंगणात गवत वाढलं. राहीआत्या कधी सवयीनं शेजारच्या दाराशी जाऊन हाक मारायची आणि मग आठवायचं की ते घर रिकामं होऊन चार वर्षं झाली. हाक मारल्याचं कुणी ऐकलं तर नाही ना, असं इकडंतिकडं बघत ती परत यायची. ऐकायला कुणी नसायचंच.

त्या वर्षी पेरणीच्या आधी नवे दानाध्यक्ष पाहणीला आले. आदल्या दिवशी ते राजधानीजवळचं मोठं अन्नछत्र पाहून आले होते. तिथं हजार माणसं रांगेत उभी होती आणि सगळ्यांनी राणीसरकारांचा जयजयकार केला होता. इथं त्यांच्या स्वागताला एक म्हातारी आणि दोन शेळ्या होत्या.

"माणसं कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"गेली, सरकार."

"कुठं गेली?"

"आपापल्या धंद्याला लागली. आता त्यांना माझी गरज नाही."

"त्यांना बोलाव. मला डोळ्यांनी बघू दे."

राहीआत्यानं मान हलवली. मग म्हणाली, "ती माणसं मान वर करून जगतायत. 'पूर्वी आम्ही भुकेले होतो' असं तुमच्यासमोर म्हणायला त्यांना कशी उभी करू?"

दानाध्यक्षांना ते पटलं नाही. "तीन घरांसाठी राजकोशातलं धान्य इतक्या लांब पाठवायचं? ज्यांच्या दारात हजार लोक येतात त्यांना ते देईन," असं म्हणून ते निघून गेले आणि मदत बंद झाली.

राहीआत्यानं आपल्या घरातलं धान्य तिन्ही घरांत वाटलं. ते किती दिवस पुरणार? श्रावण संपता संपता दोन घरं पुन्हा भट्टीवर जाऊ लागली. त्यातले एक आजोबा, आधीच खोकल्यानं खंगलेले, महिन्याभरात गेले.

तिसरं घर बायजाचं होतं. बायजा तरणी विधवा, घरात आंधळी सासू. एका सकाळी तीही कमरेला पदर खोचून भट्टीकडं निघाली. आत्यानं तिला वाटेत अडवलं.

"तुझी अंबाडी गुडघ्याएवढी झालीय. तिला सोडून जाऊ नको."

"आत्या, सासूला काय खायला घालू?"

"ते मी आणते," राहीआत्या म्हणाली आणि बायजाच्या जागी ती स्वतः भट्टीवर गेली. तेव्हा तिला साठावं वर्ष लागलं होतं. रोज संध्याकाळी ती अर्धं धान्य बायजाच्या दारात ठेवायची आणि आपल्या घरी जाऊन एकटीच जेवायची. आपल्या अंगावरचा चुना पाहून बायजाला वाईट वाटेल, म्हणून ती तिच्या घरात पाऊल टाकत नसे.

दसरा झाल्यावर दानाध्यक्ष राणीसरकारांसमोर अभिमानानं म्हणाले, "अन्नछत्राची रांग गेल्या वर्षापेक्षा दुप्पट झाली!"

राणी वयस्कर आणि विचारी होती. ती म्हणाली, "भुकेल्याला अन्न द्यायलाच हवं. पण भुकेले दुप्पट झाले, यात आनंद कसला? आपल्या मदतीनं रांग संपली, असं एक तरी ठिकाण दाखवा."

दानाध्यक्षांना ती रिकामी वस्ती आठवली आणि त्यांचा चेहरा उतरला.

तिथली माणसं कुठं गेली याची चौकशी करत ते आधी नदीकाठच्या बाजारात गेले. दोरांचं पहिलंच दुकान लागलं, त्याच्या मालकाला त्यांनी विचारलं, "हे काम कुठं शिकलास?"

"माळावर, राहीआत्याकडं. ही सगळी ओळच तिच्या हाताखालची आहे."

सदतीस घरं होती ती. कुणी बैलांची दावी वळत होतं, कुणी होड्यांचे दोर. मुलं अंगानं भरलेली होती. कुणी खोकत नव्हतं.

"तिला शेवटचं कधी भेटलास?"

दुकानदारानं मान खाली घातली. "सात वर्षं झाली. तिकडं जायचं म्हटलं की भट्टीचे दिवस आठवतात. पाय उचलत नाही."

तिथून दानाध्यक्ष तडक माळावर गेले. बायजाच्या शेतात अंबाडीला पिवळी फुलं आली होती. आत्या कुठं आहे असं विचारताच बायजाला रडू फुटलं. तिनं भट्टीकडं बोट दाखवलं.

पांढऱ्या धुळीत माखलेली राहीआत्या त्यांना आधी ओळखूच आली नाही.

"बाई, माझं चुकलं," ते म्हणाले. "धान्याच्या गाड्या परवा येतील."

"भट्टीवर परतलेल्या दोन घरांना आधी द्या, सरकार. एक माणूस गेला. तो परत येणार नाही."

"आधी त्यांनाच देतो," दानाध्यक्ष म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुला स्वतःला काय हवं?"

राहीआत्यानं हातावरचा चुना झटकला. "आज दुपारी जेवायला थांबाल? भाकरी आणि अंबाडीची भाजी आहे. खूप दिवस झाले, समोर बसून कुणी जेवलं नाही."

ते थांबले. आत्यानं त्यांना तीनदा वाढलं.

पुढं राज्यात नियम झाला. मदत मागायला येणाऱ्याला दानाध्यक्ष आधी विचारू लागले, "तुझ्या दारात यायची गरज किती जणांना उरली नाही?" दोन वर्षांनी बायजाही सासूला घेऊन बाजाराकडं गेली आणि उरलेली दोन घरंही गेली. राहीआत्यानं त्यांना ओढ्यापर्यंत पोचवलं. मग ती खोकत खोकत घरी आली, आपलं दार ओढून घेतलं आणि बियाण्याची पिशवी खांद्याला लावून माळापलीकडच्या दुसऱ्या भट्टीच्या वस्तीकडं चालू लागली.

तात्पर्य : खरी मदत माणसाला मदतीपासून मोकळं करते, म्हणून तिचं मोल दारातल्या गर्दीवरून करू नये, आणि मदत करणाऱ्याला एकटं सोडू नये.